कोणत्या कायद्याने? मूलभूत हक्कांची सोपी ओळख

१९६० साली केंद्र सरकारने वर्तमानपत्रांसाठी एक आदेश काढला. अंकाची किंमत किती आहे, त्यावरून तो किती पानांचा असावा हे सरकार ठरवणार. पानं वाढवायची असतील तर किंमत वाढवा, किंमत तीच ठेवायची असेल तर पानं कापा. पुरवण्या किती काढायच्या आणि जाहिरातींना किती जागा द्यायची, यावरही नियंत्रण. या आदेशाला १९५६ च्या एका कायद्याचा आधार होता. पुण्याचा ‘सकाळ’ या सगळ्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात गेला.

सरकारची बाजू ऐकायला अजिबात वाईट नव्हती. मोठी वर्तमानपत्रं कमी किमतीत भरपूर पानं देतात, त्यामुळे छोटी वर्तमानपत्रं टिकत नाहीत, मक्तेदारी वाढते. म्हणून ही सोय, लोकांच्याच भल्यासाठी. शिवाय सरकारचं म्हणणं असं, की बंधन वर्तमानपत्राच्या धंद्यावर आहे आणि धंद्यावर सार्वजनिक हितासाठी बंधन घालायला घटनेची परवानगी आहे. १९६१ मध्ये न्यायालयाने कायदा आणि आदेश दोन्ही रद्द केले. किंमत वाढली तर वाचक कमी होणार, पानं कमी झाली तर मजकूर कमी होणार. म्हणजे दोन्हीकडून घाव विचार लोकांपर्यंत पोचवण्याच्या स्वातंत्र्यावरच पडतो. आणि हे स्वातंत्र्य ज्या कारणांसाठी आवळता येतं त्यांची यादी घटनेत दिली आहे. ‘सार्वजनिक हित’ हे कारण त्या यादीत नाही.

मूलभूत हक्क कसे चालतात हे समजायला मला हा खटला सगळ्यात सोयीचा वाटतो. शाळेत आपण हक्कांची यादी पाठ करतो आणि परीक्षा झाली की विसरतो, कारण यादीतून त्यांचं काम कळत नाही. काम साधं आहे. सरकार तुमच्यावर काही बंधन घालतं, तेव्हा त्याला तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. कोणत्या कायद्याने? घटनेने मान्य केलेल्या कोणत्या कारणासाठी? आणि त्या कारणाला पुरेल तेवढंच बंधन आहे, की जास्त? उत्तरं देण्याची जबाबदारी सरकारची. मी का बोलू, का जमू, का फिरू, हे नागरिकाने सिद्ध करायचं नसतं.

पहिला प्रश्न अनेकांना फालतू वाटतो. सरकार करतंय म्हणजे कायदा असणारच, असं आपण गृहीत धरतो. उत्तर प्रदेशात एका माणसाची दरोड्याच्या गुन्ह्यातून पुराव्याअभावी सुटका झाली, पण पोलिसांनी त्याच्यावर पाळत सुरू ठेवली. रात्री-अपरात्री दार ठोठावायचं, झोपेतून उठवायचं, घरात आहे का बघायचं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा दिसलं की या रात्रीच्या फेऱ्या पोलिसांच्या स्वतःच्या नियमावलीवर चालल्या होत्या. मागे विधिमंडळाचा कायदाच नव्हता. डिसेंबर १९६२ मध्ये न्यायालयाने त्या फेऱ्या घटनाबाह्य ठरवल्या. परिपत्रक, वरून आलेली सूचना, ‘साहेबांनी सांगितलंय’ यातलं काहीही मूलभूत हक्क आवळायला पुरत नाही.

आता थोडी चौकट. आपली राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारली गेली आणि २६ जानेवारी १९५० पासून लागू झाली. मूलभूत हक्क तिच्या तिसऱ्या भागात, अनुच्छेद १२ ते ३५ मध्ये आहेत. अनुच्छेद १३ म्हणतो की या हक्कांशी विसंगत असलेला कायदा तेवढ्यापुरता निरर्थक. म्हणजे कायदा आहे एवढं सांगून भागत नाही, तो कायदाही या भागाच्या कसोटीला उतरावा लागतो.

सहा स्वातंत्र्यं आणि त्यांचं बारीक अक्षर

अनुच्छेद १९ मध्ये सहा स्वातंत्र्यं आहेत: भाषण आणि अभिव्यक्ती, शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमणं, संस्था, संघटना, सहकारी संस्था काढणं, देशभर फिरणं, कुठेही राहणं, स्थायिक होणं, आणि कोणताही व्यवसाय करणं. मुळात सात होती. सातवं होतं मालमत्तेचं, ते १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने काढलं. सहकारी संस्थांचा उल्लेख ९७ व्या दुरुस्तीने नंतर आला.

स्वातंत्र्यांची वाक्यं एकेका ओळीची आहेत. त्यांच्या खालची बंधनांची उपकलमं त्यापेक्षा कितीतरी लांब. हे बघून पुष्कळ जण म्हणतात, एका हाताने दिलं आणि दुसऱ्याने काढून घेतलं. मला तसं वाटत नाही. बंधनांची यादी लिहिलेली असणं हेच नागरिकाच्या फायद्याचं आहे, कारण यादीबाहेरचं कारण सरकारला पुढे करता येत नाही. ‘सकाळ’ जिंकला तो याच जोरावर.

भाषण स्वातंत्र्यावर बंधन घालायची कारणं आठ आहेत: देशाची सार्वभौमता व अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, आणि गुन्ह्याला चिथावणी. यातली काही नंतर आली आणि त्यामागचा किस्सा सांगण्यासारखा आहे. घटना लागू होऊन काही महिनेच झाले होते. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या डाव्या साप्ताहिकाला मद्रास सरकारने राज्यात बंदी घातली. तिकडे दिल्लीत ‘ऑर्गनायझर’ या उजव्या साप्ताहिकाला मजकूर छापण्याआधी तपासून घेण्याचा हुकूम झाला. १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही हुकूम रद्द केले, कारण ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ तेव्हा यादीत नव्हती. सरकारने मग पुढच्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती करून यादी वाढवली. पण त्याच दुरुस्तीने एक शब्दही आला: बंधन ‘वाजवी’ असलं पाहिजे. पुढच्या सत्तर वर्षांतले कितीतरी निकाल या एका शब्दावर उभे आहेत.

आपल्या पालघरचं प्रकरण बहुतेकांना आठवत असेल. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. एका तरुणीने त्याबद्दल फेसबुकवर पोस्ट लिहिली, दुसरीने ती लाइक केली. दोघींना अटक झाली. त्यात वापरलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ म्हणायचं की ‘अतिशय आक्षेपार्ह’ किंवा त्रासदायक, गैरसोय करणारा मजकूर पाठवणं हा गुन्हा, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. कोणाला कशाचा त्रास होईल याला काही माप आहे का? २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम पूर्ण रद्द केलं. एखाद्या विषयाची चर्चा करणं आणि त्याची बाजू घेणं, अगदी लोकांना न रुचणारी बाजू घेणं, हे स्वातंत्र्यात मोडतं. मामला चिथावणीपर्यंत गेला तरच बंधनाचा प्रश्न येतो, असं त्या निकालात स्पष्ट झालं. लोकांना चीड येणं हे आठ कारणांपैकी एकही नाही.

गंमत, किंवा खरं तर शरमेची गोष्ट, पुढे आहे. कलम रद्द झाल्यावरही देशभरातल्या पोलीस ठाण्यांत ६६अ खाली गुन्हे नोंदले जात राहिले. २०२१ मध्ये हे न्यायालयापुढे आलं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला की या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नका. दिल्लीत रद्द झालेलं कलम ठाणे अंमलदाराच्या टेबलापर्यंत रद्द व्हायला सात वर्षं लागली.

सभा-मोर्चांचं स्वातंत्र्य आपल्याला मुख्यतः जमावबंदीच्या रूपाने भेटतं. पूर्वीचं कलम १४४ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (यापुढे नुसतं ‘संहिता’ म्हणतो) कलम १६३ झालं आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. असा आदेश एका वेळी दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही, राज्य सरकार तो आणखी सहा महिने वाढवू शकतं. जानेवारी २०२० मध्ये काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, कारणं त्यात आली पाहिजेत, एकामागून एक आदेश काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर आहे आणि इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येत नाही. आदेशच दाखवला नाही तर त्याला आव्हान कसं देणार, एवढा साधा त्यामागचा तर्क.

उलट बाजूही आहे. संघटना काढण्याचा हक्क मूलभूत आहे, संप करण्याचा नाही. आणि मोर्चा काढायचा हक्क आहे म्हणून दुसऱ्याचं दुकान जबरदस्तीने बंद करायचा हक्क मिळत नाही. २००३ च्या मुंबई बंदबद्दल उच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी दोन राजकीय पक्षांना प्रत्येकी २० लाख रुपये भरायला लावले होते.

हक्क कोणाविरुद्ध?

इथे सर्वात जास्त गोंधळ होतो. व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनने काढून टाकलं की लोक म्हणतात, माझ्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याची गळचेपी झाली. नाही झाली. मूलभूत हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध आहेत आणि त्यात कोण येतं ते अनुच्छेद १२ सांगतो: केंद्र आणि राज्य सरकारं, संसद, विधिमंडळं, महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत आणि सरकारच्या ताब्यातली मंडळं व महामंडळं. खासगी कंपनी, क्लब, गृहनिर्माण सोसायटी सहसा त्यात येत नाही. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा नियम होता की सभासद फक्त पारशीच असेल. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो चालू दिला; सोसायटी म्हणजे राज्य नव्हे, असं त्यामागचं म्हणणं. हा निकाल मला पटत नाही, धर्म-जात-आहार बघून घर नाकारण्याचा अनुभव आपल्या शहरांत कमी नाही. पण आज कायदा असा आहे हे माहीत असावं. २०२३ मध्ये घटनापीठाने बहुमताने अनुच्छेद १९ आणि २१ मधले हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही लागू करता येतील असं म्हटलं खरं, पण प्रत्यक्षात ते कसं उतरेल हे अजून ठरायचंय.

काही हक्क मात्र घटनाकारांनी मुद्दाम सर्वांविरुद्ध दिले. अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७. वेठबिगारी आणि माणसांच्या व्यापारावर बंदी घालणारा २३. चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात, खाणीत किंवा धोक्याच्या कामाला लावायला मनाई करणारा २४. आणि अनुच्छेद १५ चं दुसरं उपकलम: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणत्याही नागरिकाला दुकानात, उपाहारगृहात, हॉटेलात मज्जाव करता येणार नाही, आणि सरकारी पैशातून राखलेल्या किंवा जनतेसाठी खुल्या केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरालाही अटकाव करता येणार नाही. घटनेसारख्या दस्तऐवजात विहिरी आणि तलाव कशाला, असं एखाद्या परदेशी वाचकाला वाटेल. महाडचं चवदार तळं ज्याला माहीत आहे त्याला वाटणार नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तिथलं पाणी प्यायलं, आणि त्या तळ्यावरचा कोर्टातला वाद १९३७ पर्यंत चालला. पाणवठ्यावर अडवणारा बहुधा सरकारी अधिकारी नसतो, शेजारीच असतो. म्हणून हे उपकलम सरकारपुरतं ठेवलं नाही.

दुसरा फरक: सगळे हक्क नागरिकांपुरते नाहीत. अनुच्छेद १५, १६, १९ नागरिकांसाठी. पण कायद्यापुढची समता, जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य, अटकेनंतरचं संरक्षण आणि धर्मस्वातंत्र्य भारतात असलेल्या कोणत्याही माणसाला आहे, मग तो विद्यार्थी व्हिसावर आलेला का असेना.

समता म्हणजे सर्वांना एकच माप असं नव्हे. सरकार गट पाडू शकतं, वंचितांसाठी वेगळी तरतूद करू शकतं, उत्पन्नाप्रमाणे कर वेगवेगळा लावू शकतं. अट एवढीच, की गट पाडण्यामागे खरा फरक हवा आणि त्या फरकाचा कायद्याच्या उद्देशाशी संबंध हवा. डान्स बारचा खटला आठवा. २००५ मध्ये महाराष्ट्राने बारमधल्या नृत्यावर बंदी घातली, पण तीन तारांकित आणि त्यावरची हॉटेलं, जिमखाने, क्लब वगळले. नृत्य स्त्रियांच्या प्रतिष्ठेला बाधक असेल तर ते श्रीमंतांच्या हॉटेलात बाधक कसं होत नाही? उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बंदी रद्द ठरवली. डान्स बारबद्दल तुमचं मत काहीही असो, या प्रश्नाला सरकारकडे उत्तर नव्हतं.

एकविसाव्या अनुच्छेदाचा विस्तार

‘कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचंही जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेतलं जाणार नाही’, एवढाच अनुच्छेद २१ चा आशय. १९५० मध्ये ए. के. गोपालन यांच्या स्थानबद्धतेच्या खटल्यात न्यायालयाने याचा अर्थ फार अरुंद लावला: कायदा आहे ना, त्यातली पद्धत पाळली ना, मग झालं. ती पद्धत न्याय्य आहे का, हे बघायचं नाही.

हे बदललं १९७८ मध्ये. जुलै १९७७ मध्ये मनेका गांधी यांचा पासपोर्ट ‘सार्वजनिक हितासाठी’ जप्त झाला आणि कारण विचारलं तर सरकारने ते सांगायलाही नकार दिला. न्यायालयाने म्हटलं, पद्धत न्याय्य, रास्त आणि वाजवी हवी. मनमानी पद्धत ही पद्धतच नव्हे. तिथून या अनुच्छेदातून पुष्कळ काही निघालं: लवकर खटला चालण्याचा हक्क, प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क, उपजीविकेचा हक्क. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाही त्यात आहे असं सांगितलं. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या मोफत शिक्षणाचा हक्क मात्र न्यायालयाच्या अर्थ लावण्यावर न ठेवता २००२ च्या दुरुस्तीने अनुच्छेद २१अ म्हणून लिहिला गेला.

उपजीविकेच्या हक्काचा खटला मुंबईचा आहे आणि तो नीट वाचला तर हक्काची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतात. १९८१ च्या पावसाळ्यात फुटपाथवर राहणाऱ्यांना उठवून गावी पाठवण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने मान्य केलं की माणूस फुटपाथवर राहतो तो कामाच्या जवळ राहण्यासाठी. त्याला तिथून हलवलं तर त्याचं पोट जातं, आणि पोट गेलं की जगणं गेलं. पण पुढे काय झालं? पालिकेचा अतिक्रमण हटवण्याचा अधिकार न्यायालयाने कायम ठेवला. नोटीस द्यावी, म्हणणं ऐकावं, पावसाळा संपेपर्यंत म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत कोणाला हलवू नये, आणि १९७६ च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यावी, असा तो निकाल. हक्क मान्य झाला, घर वाचेल याची हमी मिळाली नाही. गौरवाने सांगितल्या जाणाऱ्या निकालांच्या शेवटच्या पानावर अनेकदा असं काहीतरी असतं.

अटक

रोजच्या आयुष्यात घटना सगळ्यात जवळ येते ती इथे, म्हणून हा भाग जरा सविस्तर.

सुरुवात बहुधा अटकेने होत नाही. ‘जरा ठाण्यात या, विचारपूस करून सोडतो’ अशी होते. साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल तर पंधरा वर्षांखालच्या मुलाला, साठीपुढच्या पुरुषाला आणि कोणत्याही स्त्रीला ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. त्यांचा जबाब ते राहतात तिथे येऊन घ्यावा लागतो. संशयित म्हणून बोलावलं असेल आणि गुन्ह्याची शिक्षा सात वर्षांपर्यंतची असेल, तर सरसकट अटक करायची नसते. आधी हजर राहण्याची लेखी नोटीस देता येते आणि अटक केलीच तर ती का गरजेची होती, याची कारणं पोलिसांनी नोंदवायची असतात. हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठामपणे बजावलं आहे. नोटीस मिळाली की मात्र हजर राहावं. न जाणं हे अटकेला आयतं निमित्त.

अटक झालीच तर अनुच्छेद २२ चार गोष्टी देतो. अटकेची कारणं सांगणं, वकिलाचा सल्ला, चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करणं, आणि त्यांच्या आदेशाशिवाय त्यापुढे कोठडी नाही. चोवीस तासांतून फक्त प्रवासाचा आवश्यक वेळ वजा होतो. ‘शुक्रवारी संध्याकाळी उचललं म्हणजे आता सोमवारीच कोर्ट’ हा समज चुकीचा आहे. रविवार असो की दिवाळी, रिमांडसाठी न्यायदंडाधिकारी उपलब्ध असतात आणि सुट्टी हे कारण चालत नाही.

बाकीचे नियम १९९६ च्या डी. के. बसू निकालातून आले आणि आता संहितेत आहेत. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव स्पष्ट दिसायला हवं. अटकेचा पंचनामा त्याच वेळी व्हावा, त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीची सही आणि अटक झालेल्याचीही सही. घरी किंवा मित्राला कळवणं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्याची आधी घेतलेली परवानगी, दोन्ही हवं. पंचनाम्यावर सही करताना वेळ बघा. चोवीस तास तिथून मोजले जातात आणि गडबड बहुतेक वेळा त्याच रकान्यात होते.

स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही, हे अनुच्छेद २० मध्ये आहे. म्हणून संमतीशिवाय नार्को चाचणी करता येत नाही, असं २०१० मध्ये ठरलं. त्याच अनुच्छेदात आणखी दोन गोष्टी: केलं तेव्हा जो गुन्हा नव्हता त्यासाठी नंतर कायदा करून शिक्षा नाही, आणि एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला व शिक्षा नाही.

आता त्रासदायक भाग. अनुच्छेद २२ मध्येच प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला जागा आहे: गुन्हा केला म्हणून नव्हे, पुढे करेल या भीतीने आत ठेवणं. त्याला चोवीस तासांचा आणि वकिलाचा नियम लागत नाही. तीन महिन्यांपुढे ठेवायचं तर सल्लागार मंडळाची मान्यता लागते. आपल्याकडे १९८१ चा ‘एमपीडीए’ (धोकादायक कृत्यांना आळा घालण्याचा राज्याचा कायदा) याच जातीचा, स्थानिक बातम्यांत तो रोज दिसतो. स्वातंत्र्याची हमी देणाऱ्या प्रकरणातच ही सोय बसवणं मला घटनेतली सगळ्यात अवघड जागा वाटते. तरी इथेही कारणं कळवावी लागतात आणि म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि असे आदेश उच्च न्यायालयात टिकत नाहीत ते पुष्कळदा याच चुकांमुळे.

तडीपारी या स्थानबद्धतेची धाकटी बहीण. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढता येतं. २०२२ मध्ये जालना जिल्ह्यातल्या एका माणसाची तडीपारी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. पूर्ण दोन वर्षंच का, कमी का नाही, याचं कारण आदेशात नव्हतं, हा त्यातला एक मुद्दा. म्हणजे तिसरा प्रश्न: पुरेल तेवढंच, की जास्त?

हक्क थांबवता येतात का?

२५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ या आणीबाणीत हजारो माणसं ‘मिसा’ या विनाखटला स्थानबद्धतेच्या कायद्याखाली तुरुंगात होती. अनुच्छेद २१ साठी न्यायालयात जाण्याचा मार्ग राष्ट्रपतींच्या आदेशाने बंद केला होता. तरीही नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांची बाजू ऐकून घेतली. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ती दारं बंद केली. विरोधात एकटे न्या. हंसराज खन्ना होते. पुढे त्यांची सेवाज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. बहुमतात यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ च्या खासगीपणाच्या निकालात तो निर्णय चुकीचा ठरवून मोडीत काढणारे शब्द त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले.

दरम्यान ४४ व्या दुरुस्तीने घटनेतच बदल झाला होता: आता आणीबाणीतही अनुच्छेद २० आणि २१ चा मार्ग बंद करता येत नाही. आणि अनुच्छेद १९ आपोआप स्थगित होतो तो फक्त युद्ध किंवा परकीय आक्रमणाच्या आणीबाणीत. संसद घटना बदलून हक्क काढून टाकू शकते का, यावर १९७३ च्या केशवानंद भारती निकालाचं उत्तर असं की दुरुस्ती करता येते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडता येत नाही. तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा.

काही समज जाता जाता दुरुस्त करू. मतदानाचा हक्क तिसऱ्या भागात नाही. तो अनुच्छेद ३२६ आणि निवडणूक कायद्यांतून येतो. मालमत्तेचा हक्क आता अनुच्छेद ३००अ मध्ये आहे. जमीन कायद्याशिवाय घेता येत नाही, पण तो मूलभूत हक्क उरला नाही. आणि मूलभूत कर्तव्यं १९७६ मध्ये आली. ती पाळली तरच हक्क मिळतील, अशी अट घटनेत कुठेही नाही.

दाद कुठे मागायची

अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं आणि हे जाता येणं हाच एक मूलभूत हक्क आहे. डॉ. आंबेडकरांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या अनुच्छेदाला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटलं होतं. व्यवहारात मात्र आधी उच्च न्यायालयातच जावं. अनुच्छेद २२६ खाली त्याचे अधिकार आणखी रुंद आहेत. मूलभूत हक्कांखेरीज इतर कायदेशीर हक्कांसाठीही तिथे रिट करता येतं. मुंबईखेरीज नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा इथे खंडपीठं आहेत आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच बसतं. घरचा माणूस पोलिसांनी नेला आणि कुठे आहे ते सांगत नाहीत, अशा वेळी हेबियस कॉर्पस, म्हणजे त्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा अशी मागणी करणारी याचिका. ती नातेवाईक किंवा मित्रही दाखल करू शकतो आणि न्यायालयं ती सहसा तातडीने घेतात.

पैशांची अडचण असेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली सरकारी खर्चाने वकील मिळतो. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्नाची मर्यादा लागू नाही. तालुका आणि जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवेचं कार्यालय असतं, हेल्पलाइन १५१००. जाताना आदेशाची, नोटिशीची किंवा पंचनाम्याची प्रत बरोबर घ्या. प्रत दिलीच नसेल, तर ती मागितल्याचा लेखी अर्ज आणि त्यावरची पोच घ्या. वकील पहिल्यांदा तेच विचारेल.